रॉस-स्मिथचा वाळूचा दांडा: पौर्णिमेला जाऊ नका, एकादशी गाठा

उत्तर अंदमानातल्या रॉस आणि स्मिथ बेटांवर एकट्याने, फक्त फोटोंसाठी जायचं डोक्यात असेल, तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी पंचांग उघडा. थट्टा नाही. या जागेचं सगळं आकर्षण म्हणजे दोन बेटांना जोडणारा पांढऱ्या वाळूचा दांडा, आणि तो ओहोटीला वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ओहोटी किती वाजता असते हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारल्यावर जे सांगतात त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मला हॉटेलवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की पौर्णिमेला या, वर्षातल्या मोठ्या ओहोट्या तेव्हाच असतात. मोठ्या असतात, खरं आहे. पण तिथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते ती साधारण दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. भरती सकाळी नऊच्या आसपास. बोटी सुटतात सकाळी, आणि मला दुपारी दोनच्या आत जेट्टीवर परत या असं बजावलेलं. आता करा हिशोब. साडेआठला उतरलो तेव्हा दांड्याच्या जागी कमरेएवढं पाणी, त्यावर निवांत लाटा. समोर रॉस, पायाखाली स्मिथ, मध्ये समुद्र. दोन बेटांचा फोटो तर आमच्याकडे मुरुडच्या किनाऱ्यावरून पण मिळतो.

कोकणातल्या मंडळींना एक वेगळा इशारा. आपली तिथीची पाऊणपट (तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते) इथे चालवू नका. आपल्याकडे अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, तिथे ती अडीच-तीन तास आधीच येऊन जाते. चतुर्थीला आपल्याकडे तीन वाजता, तिथे बारा-साडेबाराला. म्हणजे घरचं गणित घेऊन गेलात तर अडीच-तीन तास उशिरा पोहोचाल. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे अंदाज प्रसिद्ध करतो, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. तेच बघा. डिगलीपूरला (या बेटांजवळचं गाव) मिनिटांचा फरक पडेल, तासांचा नाही.

तर कधी जायचं? ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमेची तीन धरली तर चार-पाच दिवस आधी ती अकरा ते बाराच्या दरम्यान येते. दशमीला पाणी फार उतरत नाही, भांगाचा, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराचा, काळ नुकताच संपलेला असतो. एकादशी-द्वादशीला पाणी बऱ्यापैकी उतरतं आणि वेळही बाराच्या आसपास, म्हणजे दांडा दहा-साडेदहापासून उघडा पडू लागतो आणि परतीच्या बोटीपर्यंत तुमच्या हातात राहतो. शुद्ध असो वा वद्य, दोन्ही पक्षांत हेच. माझं स्पष्ट मत: या दिवसांत जमत नसेल तर रॉस-स्मिथ सोडून द्या. अंदमानात किनारे काय कमी आहेत?

आता नावाचा घोळ. पोर्ट ब्लेअरसमोर (शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम) एक रॉस बेट आहे, ब्रिटिशांच्या जुन्या इमारतींच्या पडक्या भिंतींचं. त्याचं नाव 2018 मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. ते हे नव्हे. तरीही अर्ध्या वेबसाइटांवर दोन्हींची माहिती एकत्र कालवलेली असते, आणि ‘पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात रॉस अँड स्मिथ’ असं विकणारे लोकही भेटतात. डिगलीपूर तिथून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर आहे. दिवसाभराची सहल ही तेव्हाच, जेव्हा आदल्या रात्री तुम्ही डिगलीपूरला किंवा त्याच्या पुढे कालीपूरला झोपलेले असाल. जाताना एक अख्खा दिवस, येताना एक अख्खा दिवस. जो यापेक्षा कमी सांगेल त्याने तो रस्ता केलेला नाही.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, पाठ अजून बोलतेय. पहाटेच उठून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा लागतो, ठरलेल्या वेळीच सोडतात. पुढचा पट्टा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातला. तिथे गाडी थांबवणं, कोणाचा फोटो काढणं, खायला देणं, सगळं बंद. 1956 चा आदिवासी संरक्षणाचा नियम आहे आणि तो गमतीत घ्यायचा नाही. कॅमेरा बॅगेत, बॅग वरच्या फळीवर, मोबाईल खिशात. ‘जंगलाचा काढतोय’ म्हणून खिडकीतून लेन्स बाहेर काढणारा एक जण आमच्या बसमध्ये होता. कंडक्टरने त्याला सगळ्यांसमोर झापलं, आणि बरं केलं. पुढे मिडल स्ट्रेटच्या खाडीत गाडीसकट बोटीवर चढून बाराटांग बेट. तिथून रस्ता कधी चांगला, कधी हाडं मोजणारा. मायाबंदर मागे पडेपर्यंत मला फोटोग्राफीचा छंदच नकोसा झाला होता.

डिगलीपूरहून एरियल बेची जेट्टी नऊ-दहा किलोमीटर. तिथे वनखात्याचा परवाना घ्यायचा, कारण रॉस हे अभयारण्य आहे. मूळ ओळखपत्र आणि एक झेरॉक्स जवळ ठेवा. लवकर जा, आणि रोख घेऊन जा, नेटवर्कचा भरवसा धरू नका.

आणि इथे एकट्या माणसाचा खिसा कापला जातो. डुंगीचं (इथली लहान बोट) भाडं माणशी नसतं, बोटीला असतं. चौघा-पाचांचं कुटुंब ते वाटून घेतं, तुम्ही एकटे असलात तर सगळं तुमच्या डोक्यावर. म्हणून बहुतेक एकटे प्रवासी जेट्टीवर थांबून एखाद्या कुटुंबाच्या बोटीत रिकामी जागा शोधतात. मीही कोलकात्याच्या एका कुटुंबात सामावलो. मोठी प्रेमळ माणसं. पण प्रेमळ माणसांना साडेअकराला भूक लागते. त्यांना परत जायचं होतं, आणि माझा दांडा त्या वेळी गुडघाभर पाण्यात होता, हळूहळू वर येत. बोटवाला म्हणाला, यांना सोडतो आणि दोनच्या आधी तुम्हाला न्यायला येतो. किती? त्याने सांगितलेला आकडा जवळजवळ पूर्ण बोटीच्या भाड्याएवढा होता. आदल्या रात्री मध्यस्थाने ‘जाणं-येणं, थांबणं, सगळं आत’ असं म्हटलं होतं. त्याला फोन लावला तर रेंज नाही. बेटावर उभं राहून घासाघीस करता येत नाही, तुमच्याकडे दुसरा पर्याय काय? पोहत जाणार? दिले पैसे.

यातून निघालेला सल्ला: किती तास थांबणार, कोण न्यायला येणार आणि त्याचे किती, हे तिन्ही बोटवाल्याशी जेट्टीवरच, पाय बोटीत टाकायच्या आधी, तोंडाने मोठ्याने ठरवा. मध्यस्थाशी ठरवलेलं पाण्यावर टिकत नाही. आणि खरंच फोटोसाठी जात असाल तर पूर्ण बोट घ्या. महाग पडते. पण जाऊन-येऊन दोन दिवस हाडं मोडून घ्यायची आणि शेवटच्या दोन तासांसाठी दुसऱ्याच्या जेवणाच्या वेळेवर अवलंबून राहायचं, यापेक्षा स्वस्तच.

दुपारचं ऊन वाईट, म्हणून जायचंच नाही, असं समजू नका. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेच्या खूप पूर्वेला, 93 अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे घड्याळ सूर्याच्या मागे राहतं. फेब्रुवारीत पावणेसहाला सूर्य उगवतो, साडेअकराला डोक्यावर येतो आणि सव्वापाचनंतर थोड्याच वेळात संपतो. सोनेरी उजेडात दांडा टिपायचा विचार असेल तर विसरा, त्या वेळी तुम्ही बेटावर असणारच नाही. पण उथळ पाण्याचा तो हिरवट निळा रंग मात्र सूर्य वर असतानाच खुलतो. तिरप्या उन्हात तेच पाणी शिशाच्या पत्र्यासारखं दिसतं. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) न्याच, पाण्यावरची चकाकी तोच कापतो. फक्त अगदी रुंद लेन्सवर लावला की आभाळात मध्येच गडद पट्टा येतो, तेव्हा वीस मिलिमीटरच्या खाली जाताना काढून टाका. पांढरी वाळू कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते, फोटो राखाडी येतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत राहा.

ज्या फोटोंनी मला इथवर खेचलं ते सगळे ड्रोनचे होते. ड्रोन तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही, घरीच ठेवा. आणि जमिनीवर उभं राहून तो नजारा दिसतच नाही! दांडा सपाट, बेटांचे किनारे सपाट, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वाळू म्हणजे मधली एक पांढरी रेघ. चढायला टेकाड नाही. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो: दांड्याचा पूर्ण आकार दाखवणारा त्यातल्या त्यात बरा फोटो बोटीतून मिळतो, किनारा गाठायच्या थोडं आधी, बोटवाल्याला वेग कमी करायला लावून. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा हळू ठेवू नका, बोट हलते.

मात्र दांड्यावर थांबलात तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. पाणी उतरत असताना दोन्ही बाजूंच्या लाटा बेटांना वळसा घालून येतात आणि दांड्याच्या कण्यावर एकमेकींना भिडतात. डावीकडची एक, उजवीकडची एक, मध्ये फेसाची शिवण पडते आणि पुढे पुढे धावत जाते. आधी ती घोट्याएवढ्या पाण्यावर चालू होती, मग बोटभर, मग कुठेतरी मधोमध वाळूचा पहिला ओला तुकडा निघाला, टोपीएवढा. त्या तुकड्याभोवती लाटांच्या रेघांची जाळी तयार झाली होती. मी कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवून, चोवीस मिलिमीटरवर, एकशेपंचवीसच्या शटरला काढत राहिलो. परत आणलेल्या सगळ्या फोटोंत तेच कामाचे निघाले. दांडा वर यायच्या आधीचा तासभर यासाठी हाती ठेवा. दांडा पूर्ण उघडा पडला की हे संपतं आणि मग उरते ती पर्यटकांची वर्दळ.

ट्रायपॉड नेला होता. ओल्या वाळूत तो प्रत्येक लाटेला थोडा खचतो, फ्रेम हलते. पाय आधी जोर लावून खोल रुतवा, मग फ्रेम लावा. रात्री गोड्या पाण्याने धुतला नाहीत तर सांध्यांत मीठ बसतं. एसीच्या खोलीतून सकाळी कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर दव धरतं, बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. लेन्स दांड्यावर बदलू नका. दोन बॉडी असतील तर दोन्ही न्या, नसतील तर एक झूम लावा आणि गप्प बसा.

एकटं असण्यातला धोका पैशांपेक्षा पाण्याचा आहे. दांड्यावरून रॉसकडे जायचा मोह होतो, जावंही. पण पाणी मांडीच्या वर असेल तर डोक्यावर कॅमेरा धरून ओलांडायला जाऊ नका. पाणी आडवं ओढतं आणि तळची वाळू पायाखालून सरकते. तसंच भरती लागायच्या आत स्मिथच्या बाजूला परत या, बोट तिकडेच लागते. बॅग दांड्यावर ठेवू नका. किनाऱ्यावर सुक्या काडीकचऱ्याची जी रेघ दिसते तिच्या वर, झाडांच्या सावलीत ठेवा. तिथे वाळूतल्या चिलटांचा त्रास आहे, चावलेलं दुसऱ्या दिवशी खाजतं, म्हणून पूर्ण पॅंट घाला. पिण्याचं पाणी बरोबर न्या, लागेल त्याच्या दुप्पट.

डिसेंबर ते एप्रिल समुद्र बरा असतो. पावसाळ्यात बोटी सुटतील याची खात्री नाही, आणि इतक्या लांब येऊन जेट्टीवर ढग मोजत बसण्यात मजा नाही. म्हणून हातात एक राखीव दिवस असू द्या. तो वापरावा लागला नाही तर सॅडल पीक आहे, 732 मीटर, अंदमान-निकोबारमधलं सगळ्यात उंच. कालीपूरचा किनाराही आहे, तो छान आहे.

शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका. बरेचसे वन्यजीव कायद्याखाली येतात, विमानतळावर सामान तपासतात तेव्हा पकडले जातात, आणि मग तुमचं विमान निघून जातं.