काजू कारखान्याच्या पॅनेलपासून धावपट्टीच्या दिव्यांपर्यंत: आमची वाटचाल

कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सुरुवातीला काजू कारखान्यांची आणि बर्फ कारखान्यांची इलेक्ट्रिक पॅनेलं बनायची. मग ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, ५ जानेवारी २०२३ ला गोव्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली आणि २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून. कोकणपट्टीच्या दोन्ही टोकांना काम उभं राहिलं. आज आम्ही मुख्यतः धावपट्टीच्या दिव्यांची जोडणी, तपासणी आणि देखभाल करतो, मूळ कंत्राटदाराच्या हाताखाली.

नवा विमानतळ म्हटला की चर्चा टर्मिनलची होते. विमान कंपनी वेळापत्रक आखताना वेगळंच बघते: एका वेळी किती विमानं उभी राहतील, रात्री उतरता येईल का, पावसाळ्यात दृश्यमानता किती खाली गेली तरी चालेल. समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीशेजारचा विमानं न्यायचा रस्ता, नसला तर उतरलेलं विमान टोकाला वळून त्याच पट्टीवरून मागे येतं. २० नॉटच्या वेगाने २,००० मीटर यायला तीन मिनिटांवर जातात, वळायचा वेळ वेगळा. तोवर दुसरं विमान उतरू शकत नाही. टर्मिनलमध्ये शंभर खुर्च्या वाढवून तिथे एकही फेरी वाढत नाही.

दुसरी अडचण मुंबईच्या टोकाला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. सत्तर आसनांचं एटीआर उतरलं काय किंवा १८० आसनांचं एअरबस ए३२० उतरलं काय, स्लॉट, म्हणजे उतरायची ठरलेली वेळ, एकच जातो. साहजिकच कोकणच्या छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळणं कठीण. नवी मुंबईच्या ३,७०० मीटर धावपट्टीकडे आणि पहिल्या टप्प्यातल्या वर्षाला २ कोटी प्रवासी क्षमतेकडे आम्ही आशेने बघतो ते यासाठी.

आता आमच्या कामाबद्दल. कडेचे दिवे जास्तीत जास्त ६० मीटरवर बसतात, म्हणजे २,५०० मीटरच्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून ८० च्या वर. ते घरच्या वायरिंगसारखे समांतर नसतात, एका माळेत असतात. सीसीआर नावाचं यंत्र त्या माळेत ठरलेला प्रवाह ठेवतं: २.८, ३.४, ४.१, ५.२ किंवा ६.६ अँपिअर, अशा पाच पायऱ्या. प्रत्येक दिव्याला जमिनीखालच्या चेंबरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे एक बल्ब गेला तरी माळ तुटत नाही. एकाआड एक दिवे दोन वेगळ्या सर्किटवर घेतात. एक सर्किट बंद पडलं तरी वैमानिकाला पट्टीची रेघ दिसत राहते.

कोकणात खरा शत्रू पाणी. जांभ्याची तांबडी माती पहिल्याच पावसात चेंबरचं निचऱ्याचं भोक बुजवते, ट्रान्सफॉर्मर पाण्यात बसतो आणि कनेक्टरच्या जॉइंटमधून ओल आत शिरते. एका जागी गळती झाली तर दिव्यांवर काहीच कळत नाही. दुसऱ्या जागी झाली की प्रवाह जमिनीतून वाट काढतो आणि त्या दोन जागांमधले दिवे मंद होतात. म्हणून दिवा मंद दिसायची वाट बघायची नाही; मेगरचं, म्हणजे केबलचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर घेऊन वहीत ओळीने लिहायचं. आकडा घसरायला लागला की माळ मध्यावर तोडून अर्धी-अर्धी मोजत जायची, सदोष चेंबर सापडतो. ट्रान्सफॉर्मर तळावर न ठेवता विटेवर उचलून ठेवला आणि जॉइंटवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) नीट बसवला की निम्मा त्रास टळतो.

सीसीआरचा प्रवाह मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरच लागतो. सीसीआरमधल्या थायरिस्टरमुळे (प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) प्रवाहाची लहर तुटक असते, साधं मीटर चुकीचा आकडा दाखवतं. हॅलोजन काढून एलईडी लावले की भार एकदम उतरतो. तेव्हा सीसीआरचा टॅपही (आउटपुटची जोडणी) खाली आणावा लागतो, नाहीतर वीजबचतीचा हिशेब जुळत नाही. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या फिटिंगमध्ये स्टेनलेस स्टीलचा बोल्ट धरून बसतो, म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावल्याशिवाय बोल्ट फिरवायचा नाही.

पापी (PAPI) दिव्यांचं काम सगळ्यांत नाजूक. उतरणीचा कोन दाखवणारे हे चार डबे. धावपट्टीला जवळचा ३ अंश ३० मिनिटांवर, मग ३ अंश १०, २ अंश ५० आणि २ अंश ३०. पावसात भराव खचला की पाया कलतो आणि वैमानिकाला चुकीचा उतार दिसू शकतो. पाया खालच्या पक्क्या कातळापर्यंत नेणं महाग पडतं, पण तिथे काटकसर करणाऱ्याशी आम्ही वाद घालतो.

धंद्याची बाजू सांगायची तर माणसं तयार करायला वेळ जातो. आयटीआय झालेल्या मुलाला प्रवेशपास मिळायला आधी पोलीस पडताळणी, मग धावपट्टीवर वावरायचं प्रशिक्षण. आत जाताना हत्यारं मोजून न्यायची, बाहेर येताना मोजून आणायची. राहिलेला एक पाना इंजिनात जाऊ शकतो. पैसाही अडकतो. एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, तरी हाताखालच्या कंत्राटदाराच्या हातात बिल उशिरा येतं, आणि ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर किटचा साठा मात्र मे महिन्याआधी रोखीने भरावा लागतो.

रत्नागिरीसह कोकणात पुढची कामं निघतील तेव्हा निविदा काढणाऱ्यांकडे आमचं एक मागणं आहे: चेंबरचा निचरा ही बाब केबलच्या दरात मिसळू नका, वेगळी धरा, आणि प्रत्येक चेंबर पाणी ओतून तपासल्याशिवाय तिचं बिल मंजूर करू नका.