पोटावर नाव नसलेला

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी उतरलं आणि आम्ही सांगलीच्या गावभागातल्या घराचं दार ढकललं, तेव्हा घरात तीन नवीन गोष्टी होत्या. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक रेघ होती, पाणसळ लावूनसुद्धा गवंड्याला मारता येणार नाही इतकी सरळ. खाली घोटाभर गाळ होता. आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी उताणा पडलेला एक डायनासोर होता.

तो डायनासोर आहे हे आधी कुणाला कळलंच नाही. सासूबाईंनी खराट्याच्या टोकानं ढोसून पाहिलं आणि ‘घोरपड मेलीय गं’ म्हणत दोन पावलं मागं सरल्या. पुरानंतर घरात काय निघेल याचा नेम नसतो, शेजारी माजघरात साप निघाला होता. शेवटी माझा मुलगा पुढं झाला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानं नळी धरली, गाळ सुटला, हिरवा रंग दिसायला लागला, त्यावर नारिंगी पट्टे, मग पांढरे दात. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “आई, हा आपला नाही.”

त्याच्या म्हणण्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. घर सोडताना आम्ही कागदपत्रं, दागिने आणि गोळ्यांची पिशवी घेतली होती. त्यानं आपले चौदा डायनासोर घेतले होते, मोजून.

आता पुरात वाहून आलेली वस्तू कुणाची हे आमच्या गल्लीत ठरवायची एक पद्धत आपोआप पडून गेली होती. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), त्यामुळं कुणाची कळशी कुणाच्या अंगणात आणि कुणाची परात कुणाच्या गॅलरीच्या गजात हे विचारूच नका. पण भांड्यांची काळजी नव्हती. भांडं धुवायचं, उलटं करायचं आणि कडेला वाचायचं. ‘वास्तुशांतीप्रीत्यर्थ’, ‘हळदीकुंकू १९८७’, ‘मामाकडून सप्रेम भेट’. नाव घालणाऱ्यानं टकटक करून उठवलेले ते ठिपके. भांडी घेताना मी दर वेळी म्हणायचे की कशाला चांगल्या स्टीलवर खरडून घ्यायचं. त्या आठवड्यात चार दिवस आमच्या दारात बायका भांडी उताणी करून वाचत होत्या आणि संध्याकाळपर्यंत जवळपास सगळी भांडी आपापल्या मांडणीवर गेली होती. एक तांब्या तर तीन घरं सोडून पलीकडून आला, त्यावर माझ्या लग्नाची तारीख.

डायनासोरही उलटा केला. पोटावर उठावाची बारीक अक्षरं होती, त्यातलं ‘चायना’ एवढंच वाचता आलं.

मग चिरंजीव त्याला घेऊन घरोघर फिरले. “आमच्यात पोरगीच हाय रं, ती असलं कशाला खेळतीय,” असं एका काकूंनी सांगितलं. दुसरीकडं एक लहानगा ‘माझाच, माझाच’ म्हणून रडायला लागला, पण त्याला ‘कुठल्या रंगाचे डोळे आहेत’ असं डायनासोर पाठीमागं लपवून विचारल्यावर तो ‘निळे’ म्हणाला. डोळे लाल होते. माझ्या मुलाला ही पोलिसी कुठून सुचली कोण जाणे. आठ दिवसांनी आम्ही मानलं की मालक सापडत नाही. मग त्याच्या दृष्टीनं प्रश्न उरला तो असा की, हा आहे तरी कोण?

मला वाटलं होतं हे पाच मिनिटांचं काम आहे. रात्री मुलाच्या शेजारी बसून मीही त्यात अडकले, आणि घराला नवा रंग लागेपर्यंत अडकून राहिले. गाद्या नव्हत्या, फ्रिज गेला होता, विमावाल्यांच्या फॉर्मवर सही राहिली होती, आणि मी मोबाइलच्या उजेडात एका प्लास्टिकच्या हाताची बोटं मोजत होते.

बोटं महत्त्वाची. टी-रेक्सच्या हाताला दोन, ॲलोसॉरसला तीन. आमच्याकडच्याला तीन होती, म्हणून मुलानं ॲलोसॉरस ठरवला. पण नाकावर एक शिंग होतं. ते सेरॅटोसॉरसचं, आणि सेरॅटोसॉरसला बोटं चार. त्यात पाठीवर मोठ्या पाट्यांची रांग, ती थेट स्टेगोसॉरसची. स्टेगोसॉरस म्हणजे चार पायांवर चालणारा पालाखाऊ. सासरे हे सगळं झोपाळ्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, यात नवं काय आहे? विष्णूच्या चोवीस मूर्ती अशाच ओळखायच्या असतात. चेहरा सगळीकडं तोच. शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे ते बघायचं, त्या क्रमावरून हा केशव की नारायण की माधव ते ठरतं. “मूर्तीचे आधी हात बघावेत,” असं म्हणून त्यांनी चष्मा लावून डायनासोरचे हात बघितले. मग म्हणाले, “याच्या मूर्तिकाराला आयुधं माहीत नव्हती.”

इतका नेमका निकाल पुढं कुणी दिला नाही.

ही खेळणी गोळा करणारी मोठी माणसं जगभर आहेत आणि त्यांची तपासणी आमच्या सासऱ्यांसारखीच चालते, फक्त ती आधी पोट बघतात. पोट, तळपाय, शेपटीची खालची बाजू. चांगल्या घरचा डायनासोर तिथं आपलं नाव सांगतो. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी इन्व्हिक्टा या इंग्लिश कंपनीनं १९७४पासून डायनासोर काढले. ते बहुतेक एकरंगी असत आणि पोटावर प्राण्याचं नाव, संग्रहालयाचं नाव, साल, सगळं व्यवस्थित. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या नावानं १९८८ ते २०१५ अशी एक मालिका निघाली. जर्मनीची श्लाइश कंपनी १९३५ची. ही सगळी सप्रेम भेट छापाची, नाव घातलेली भांडी. ओळखायला अडचण पडते ती जत्रेत पिशवीनं मिळतात त्यांची. त्यांना संग्राहकांनी एक शब्दच पाडलाय, ‘चायनासॉर’. ना कंपनी, ना साल, ना जात.

हे चायनासॉर कसे होतात तेही कळलं. कुणीतरी एखाद्या चांगल्या खेळण्यावरूनच साचा काढतो. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ खेळण्यापेक्षा जराशी लहान निघते. मग त्या नकलेवरून दुसरा साचा काढतो, ती आणखी लहान आणि खवले आणखी पुसट. झेरॉक्सची झेरॉक्स. मधेच कुणाला तरी वाटतं की नुसतं डोकं फार साधं दिसतंय, तो शिंग बसवतो. उभं राहायची ढबसुद्धा काही सांगते. पूर्वी चित्रांत मांसाहारी डायनासोर शेपूट जमिनीला टेकून ताठ उभा असायचा. १९६९मध्ये अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकसचं वर्णन केलं, चपळ, पळणारा शिकारी म्हणून, आणि पुढच्या वर्षांत सगळ्या चित्रांतल्या शेपट्या वर उचलल्या गेल्या. आमचा शेपूट टेकून उभा. म्हणून जुना म्हणावा का? नाही. कारण दोन पायांवर आडवा तोललेला डायनासोर शोकेसमध्ये दर दोन दिवसांनी तोंडावर पडतो, आणि तिसरा पाय म्हणून शेपूट टेकवणं हे कारखानदाराला कुठल्याही सालात स्वस्त पडतं.

याच नादात मुलाला आणखी एक राग धरता आला. पिशवीतल्या डायनासोरांत पाठीवर शिड असलेला एक असतोच, डायमेट्रोडॉन. तो डायनासोर नव्हेच. पहिला डायनासोर यायच्या सुमारे चार कोटी वर्षं आधी तो संपलेला होता, आणि नात्यानं तो डायनासोरांपेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना, जवळचा. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “भाऊबंद म्हणायचा की मग. येऊ देत हळदीकुंकवाला.”

अनोळखी राहण्यातही काहींचं नशीब उघडतं. अमेरिकेतले खेळ रचणारे गॅरी गायगॅक्स यांनी असल्याच एका पिशवीतले हाँगकाँगचे विचित्र प्राणी आपल्या खेळाच्या पटावर घेतले. कुठलीच जात जुळेना तेव्हा त्यांनी स्वतःच नावं दिली, आणि १९७४मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या राक्षसांत ते जाऊन बसले. त्यातला एक लोखंडाला गंज चढवून तो गंज खातो. पुरानंतर आमचं कपाट, शिलाई मशीन आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज पाहिले तर तो इकडंही येऊन गेला असावा.

आमच्या डायनासोरच्या पायाला एक भोक होतं, तो आतून पोकळ. महिनाभर तो दाबला की गाळ गळायचा. नंतर गळायचा थांबला, आणि हलवला की आत काहीतरी खडखड वाजायला लागलं. मुलगा खूश झाला. खऱ्या जीवाश्मांत असंच होतं म्हणाला. प्राणी मेला की तो लगेच गाळाखाली पुरला जावा लागतो, पूर आला तर उत्तमच. मग पोकळीत गाळ भरतो, घट्ट होतो आणि आतला आकार तेवढा उरतो. माझ्या डोळ्यांपुढं ओट्यावरचा गाळ आला. ‘उत्तमच’ हा शब्द मला जरा लागला, पण तो डायनासोरांच्या बाजूनं बोलत होता.

“मग सांगलीत खरे का सापडत नाहीत?” असं त्यानंच विचारलं आणि त्यानंच शोधून सांगितलं. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, नेमका डायनासोर संपले त्या सुमाराचा. लाव्ह्यात हाडं टिकायची नाहीत. ती गाळाच्या खडकात सापडतात. त्यासाठी महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला. तिथल्या लांब मानेच्या डायनासोरचं आजचं नाव इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते २००३मध्ये पडलं. त्याच संस्थेतल्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातल्या एकाला १९७५मध्ये बारापासॉरस टागोराय म्हटलं. मोठ्या पायाचा म्हणून बारापा, आणि टागोराय रवींद्रनाथांच्या सन्मानार्थ. म्हणजे तिथंही प्रीत्यर्थ आहेच. हाड सापडलं की माणूस आधी त्यावर कुणाचं तरी नाव घालतो.

आमच्या बिनजातीच्याला मुलानं नाव मात्र दिलं नाही. मी सुचवली दोन-तीन. तो म्हणाला, “आपण ठेवायचं नाही. त्याचं आधीचं असेल ना काहीतरी.” कुठल्या तरी घरात, नदीच्या वरच्या अंगाला, त्याला काहीतरी म्हणत असतील. तो विषय मी तिथंच सोडला. त्याचे चौदा डायनासोर कपाटात आणि हा पंधरावा रस्त्याकडच्या खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

जुलै २०२१मध्ये पुन्हा रिक्षावरून पुकारा सुरू झाला. या वेळी आम्ही तयारीचे होतो, सामान वेळेत माळ्यावर गेलं. मुलगा अकरा वर्षांचा झाला होता, डायनासोर पूर्वीइतके राहिले नव्हते, पण खिडकीतला तो त्यानं आठवणीनं काढला. सासूबाई भांडी बांधत होत्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, त्याच्यावर नाव घाल की. एकदा आला तसा परत जाईल.”

तो थोडा घुटमळला. मग माझ्या टेबलावरचा मार्कर घेतला, त्याला उताणा केला आणि पोटावर लिहिलं. स्वतःचं नाव नाही, नुसता पत्ता. मऊ प्लास्टिकवर शाई जरा फुटली आहे, पण अजून वाचता येतं. वरच्या उठावाच्या अक्षरांसकट सलग वाचलं तर ‘चायना, गावभाग, सांगली’. पिनकोडला जागा पुरली नाही, तो शेपटीवर आहे.