ओल्या मातीतली बोटं

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं. 'स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा' ही ओळ वाचली आणि डोळ्यांसमोर आला तो भूगोलाच्या बाईंचा चिखलानं माखलेला उजवा हात. आपल्या पिढीला बाईंचं नाव सांगायची गरज नाही. बाकीच्या शिक्षकांनीही मला भरभरून दिलं, पण ही दोन पानं बाईंचीच होणार, त्याला माझा इलाज नाही.

आठवी ब. उत्तर अमेरिकेचा धडा चालला होता आणि मी विचारलं, "बाई, बर्फ दगड कसा कोरणार?" बाईंनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला विहिरीमागे नेलं. रात्रभर पाऊस झाला होता. बाईंनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या, पंजा फाकवून बोटं मातीत रोवली आणि सगळा जोर लावून हात स्वतःकडे ओढला. "ही हिमनदी. जा, टाकीवरून पाणी आण." मी पळत जाऊन पेला भरून आणला. त्या चरांमध्ये पाणी ओतलं, तर ते लांबट, अरुंद, एकमेकांशेजारी उभं राहिलं. "न्यूयॉर्क राज्यात अशी ११ तळी आहेत. त्यांना बोटांची तळी म्हणतात, फिंगर लेक्स. सगळी उत्तर-दक्षिणच का?" मी म्हटलं, "बर्फ तसा सरकला म्हणून." बाईंनी नुसती मान हलवली. बाईंची मान हलली म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. "आता घरी जाऊन बघ, त्यातलं सगळ्यांत लांब कुठलं."

ते केयुगा. लांबी ६१ किलोमीटर.

पुढे शिष्यवृत्तीचं पत्र आलं ते वेल्स कॉलेजचं, गाव ऑरोरा. नकाशात शोधलं तर त्याच बोटाच्या पूर्व काठावर! तेव्हा ते फक्त मुलींचं कॉलेज होतं (मुलांना प्रवेश २००५ पासून), म्हणून आमच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला. निघण्याआधी बाईंच्या पाया पडायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तळ्याकडे बघत नुसती बसू नकोस. गाव तिथंच का वसलं, ते शोधून मला लिही."

गाव ते केवढं! सहा-सातशे वस्ती, तळ्याला समांतर एक रस्ता, त्यावर १८३३ सालचं विटांचं अतिथिगृह आणि चढावर कॉलेज. मी उत्साहानं चार पानी पत्र लिहिलं. हेन्री वेल्स या गृहस्थांनी टपाल-पार्सलच्या धंद्यात पैसा केला, अमेरिकन एक्स्प्रेस आणि वेल्स फार्गो या कंपन्यांच्या संस्थापकांपैकी ते एक, त्यांनी १८६८ मध्ये हे कॉलेज काढलं, इथं शिकलेल्या फ्रान्सिस फॉल्सम यांचं लग्न १८८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्याशी थेट व्हाइट हाउसमध्ये लागलं, असं सगळं. महिन्याभरानं बाईंचं उत्तर आलं. खुशाली दोन ओळींत, आणि खाली लाल शाईत एकच प्रश्न: "१८६८ च्या आधी तिथं कोण राहत होतं?"

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटलंय, पण लाल शाई तशीच आहे.

ग्रंथालयात बसून शोधलं. त्या जागी केयुगा या मूळ अमेरिकी लोकांचं चोनोदोते नावाचं गाव होतं, पीचच्या बागांचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आज्ञेवरून निघालेल्या जनरल सलिव्हनच्या मोहिमेतल्या फौजेनं १७७९ च्या सप्टेंबरात ते जाळलं, झाडं तोडली. तळ्याचं नाव त्याच लोकांचं. मी तीन महिने त्या रस्त्यावरून चालत होते आणि हे मला माहीत नव्हतं. मग बागांचं कोडंही सुटलं: १३० मीटरपेक्षा जास्त खोल पाणी सहसा पुरतं गोठत नाही, उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतं, काठावर दव गोठायला उशीर होतो, म्हणून तिथं फळझाडं तगतात. आज त्याच उतारांवर द्राक्षं आहेत. बाईंना हवं होतं ते उत्तर हे! या वेळी पत्र दोनच पानांचं झालं.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी मुख्य इमारतीतल्या घंटा वाजायच्या. हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की तेव्हाही वाजायच्या, आणि मुली जिन्यावरून धावत बाहेर यायच्या. जुनी मुख्य इमारत १८८८ च्या आगीत गेली, दोन वर्षांत तिथंच नवी उभी राहिली. आत मिनर्व्हा या विद्येच्या देवतेचा पुतळा. शेवटच्या वर्षाच्या मुली तासिकांच्या अखेरच्या दिवशी तिच्या पायांचं चुंबन घ्यायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी डोकं टेकवलं. कुणी काही विचारलं नाही, मागच्या मैत्रिणीनंही तसंच केलं.

आज मी तळ्यांच्या पाण्याची तपासणी करते, २२ वर्षं झाली. प्रत्येक नव्या तळ्याच्या वहीत पहिल्या पानावर लाल शाईनं बाईंचा प्रश्न लिहिते.

२९ एप्रिल २०२४ ला बातमी आली की पैशांअभावी वेल्स कॉलेज ते सत्र संपताच कायमचं बंद होणार. १५६ वर्षं! मे महिन्यात शेवटचा पदवीदान समारंभ झाला. त्यानंतर मी जाऊन आले. तळं तेच, अतिथिगृहात माणसं होती, चढावरच्या खिडक्या मात्र बंद. संध्याकाळी मी जेवणाच्या वेळेपर्यंत काठावर थांबले. अंधार पडला, घंटा झाली नाही. एवढी जुनी शाळाही बंद पडू शकते हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. म्हणून तुमच्या पत्रात 'यंदा आठवीच्या तीन तुकड्या आहेत' ही ओळ दिसली तेव्हा मी ती दोनदा वाचली. बाईंना ती वाचून दाखवायला हवी होती. त्या गेल्या तेव्हा मी येऊ शकले नाही, ते मला कायम सलत राहील.

त्या काठावरून उचललेली शेल खडकाची एक कपची सोबत पाठवते आहे. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची आहे, नीट बघितलं तर कडेला शिंपल्याचा ठसा दिसतो. काचेच्या कपाटात ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. आणि एक विनंती. पत्रासोबतच्या फोटोत विहिरीमागे पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले. जमलं तर पावसाळ्याआधी त्यातले चार-सहा काढून घ्या, आठवीला हिमनद्यांचा धडा असतो.