पिंजर आणि टोमॅटो

काल संध्याकाळी बेळगावात वळीव कोसळला. सकाळी उठल्याबरोबर चहाही न घेता परसात गेले. गेल्या वर्षी अशाच एका पावसानं माझी टोमॅटोची रोपं गेली होती. मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडाले, आठवडाभरात पानांवर तपकिरी गोल डाग आले, करपा वर वर चढत गेला. फार वाईट वाटलं होतं.

यंदा येळ्ळूरहून मामांनी भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, आणून दिलं. रोपं लावून, भरपूर पाणी देऊन मग दोन-तीन इंच जाडीचा थर अंथरला. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडली, नाहीतर ओल धरून खोड कुजतं. जमिनीला टेकणारी खालची पानंही काढली होती.

आज बघते तर पानं स्वच्छ! पिंजर बाजूला सारून हात घातला, माती गार, भुसभुशीत. एप्रिलच्या या उन्हात पूर्वी रोज पाणी घालायचे, आता दोन दिवसांआड पुरतं. ओल एकसारखी राहिली की फळाचा बूड काळा पडणंही कमी होतं. ते नुसत्या चुन्याच्या कमतरतेनं होत नाही, कधी कोरडं कधी चिंब अशा पाण्यानं झाडाला मातीतला चुना नीट ओढता येत नाही.

पिंजराखाली दोन गोगलगायी सापडल्या, त्या वेचल्या. पावसाळ्यात थर पातळ करावा लागेल.

पहिला लाल टोमॅटो आईच्या हातात दिला. तिनं आधी वासच घेतला.