चटणीचा हंगाम आणि प्रांतांची तारीख

आमच्या स्वयंपाकघरात पळ्या, झारे, उलथनी भिंतीवर खिळ्यांना टांगलेली असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी ती आपोआप एकमेकांवर आपटायला लागली. सासूबाई ओरडल्या, "भूकंप गं!" कोयनेचे धक्के आम्हाला नवीन नाहीत, त्यामुळं दोघी चपला न घालताच अंगणात पळालो. तिथं कळलं, शेजारी चटणीचं कांडप सुरू झालंय.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. जुनं, मातीतलं बांधकाम, शेजारच्या घराला आणि आम्हाला एकच सामाईक भिंत. 2019 च्या पुरात दोन्ही घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून ती भिंत खालून ओल धरूनच आहे. शेजारचे पुरानंतर विश्रामबागेत राहायला गेले. त्यांच्या खालच्या दोन खोल्या बरीच वर्षं बंद होत्या, त्या त्यांनी कांडपवाल्याला भाड्यानं दिल्या. त्यानं मोटर, पट्टा, चार मुसळं असं सगळं यंत्र नेमकं आमच्या भिंतीला लावून बसवलं.

बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं वर्षभराचं तिखट. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, वर धने, तीळ, खोबरं, दगडफूल. मिरची उन्हात कडकडीत वाळवावी लागते, म्हणून सगळं गाव पावसाआधीच्या तीन महिन्यांत कांडून घेतं. त्यामुळं सकाळी आठला सुरू झालेलं यंत्र रात्री दहा वाजले तरी थांबायचं नाही. आवाज परवडला, पण खाट हादरायची. भिंतीचा गिलावा रोज मूठभर खाली यायचा. तुळशीच्या पानांवरून बोट फिरवलं की लाल व्हायचं. सासूबाईंना दमा आहे. एप्रिलमध्ये त्या दिवसभर दारं-खिडक्या लावून, तोंडाला ओला पदर धरून बसायच्या.

आधी गोडीनं सांगून बघितलं. कांडपवाला माणूस वाईट नव्हे. "वहिनी, तीन महिन्याचा धंदा हाय ओ, तेवढं सोसा," म्हणाला आणि चटणीची पुडी हातात दिली. ती मी घेतली, हे खरं सांगायला हवं. त्याहून खरं म्हणजे मार्चमध्ये आमची पाच किलो मिरचीही मी त्याच्याकडंच कांडून आणली होती. दुसरीकडं जायचं तर पिशव्या घेऊन रिक्षा करायला लागते.

मग गल्लीत सह्या गोळा करायला निघाले. अकरा घरं. सगळ्यांना ठसका लागत होता, तक्रार सगळ्यांची होती. पण समोरचे आण्णा म्हणाले, "सही करतो की, पण आमची आठ किलो मिरची उद्या द्यायची हाय, ती झाल्यावर या." दुसऱ्या एका काकूंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बंद झालं तर मग कुठं जायचं गं?" चार सह्या मिळाल्या. त्यातली एक माझी, एक सासूबाईंची.

पोलिसांना फोन केला तेव्हा दोघे जण आले. यंत्र तेवढ्यापुरतं बंद झालं, ते गेल्यावर सुरू झालं. त्यातल्या एका हवालदारांनी मात्र नीट सांगितलं. म्हणाले, निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि तक्रार धरायची तर आवाज त्याहून 10 डेसिबल तरी जास्त असायला पाहिजे. मी मोबाइलवर ॲप लावून दाखवलं तर हसले. "ताई, याच्यावर केस उभी राहत नाही." शिवाय माझं मुख्य दुखणं आवाजाचं नव्हतंच, हादऱ्याचं आणि खकाण्याचं, म्हणजे मिरचीच्या उडणाऱ्या धुळीचं होतं. त्याला डेसिबलचा काय उपयोग?

परवाना आहे का, हे शोधायला माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि मुद्दाम एकच प्रश्न विचारला: या पत्त्यावर कोणत्या धंद्याला परवाना दिलाय, त्याची प्रत द्या. मुदत 30 दिवसांची. उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. परवाना होता, पण पिठाच्या गिरणीचा. मिरचीचा उल्लेखच नाही. माझ्या सगळ्या खटपटीत इतका उपयोगी कागद दुसरा मिळाला नाही.

तो घेऊन लोकशाही दिनाला, म्हणजे जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, जायचं ठरवलं. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि अर्ज ठरलेल्या नमुन्यात दोन प्रतींत 15 दिवस आधी द्यावा लागतो. विजयनगरला नव्या कचेरीत गेले तर खिडकीवरच्या बाईंनी चार सह्या बघून अर्ज परत केला. "इथं वैयक्तिक तक्रार लागते, सामुदायिक चालत नाही." महिनाभर सह्यांसाठी वणवण करून मला हे ऐकायला मिळालं.

शेवटी मावसभाऊ उपयोगी पडला. तो मिरजेला वकिली करतो. कागद बघून म्हणाला, "तुला प्रांतांकडं जायचंय." प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम 152. 1 जुलै 2024 च्या आधी जे फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं, तेच. एखादा धंदा आसपासच्या लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक सुखाला अपायकारक असेल तर कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतात: अमुक दिवसांत सुधारणा करा, नाहीतर हजर राहून म्हणणं मांडा. आणि इथं गंमत उलटी. त्रास एकट्याचा असून चालत नाही, वस्तीचा असावा लागतो. म्हणजे लोकशाही दिनाला माझ्या सह्या जास्त होत होत्या, प्रांतांकडं कमी पडत होत्या.

भावानं अर्ज वाचून एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, "कांडप बंद करावे." त्यानं लिहिलं, "कांडपाचे नियमन करावे." कलमात धंदा थांबवण्याइतकीच नियमनाचीही सोय आहे. मग खाली चार मागण्या लिहिल्या: यंत्र सामाईक भिंतीपासून हलवा, खाली वेगळा पाया आणि रबर घाला, खकाण्याला बंदिस्त पाइप लावून तो छपराच्या वर काढा, आणि वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मला ती माघार वाटली. दोन दिवस मी भावाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नवा अर्ज घेऊन गल्लीत फिरले, तर अकरापैकी नऊ घरांनी सह्या केल्या. आण्णांनी तर पेन स्वतःचं काढलं. त्यांची मिरची झाली होती म्हणा.

अर्जाला माहिती अधिकाराचं उत्तर, डॉक्टरांचा दाखला आणि भिंतीचे फोटो जोडले. फोटो काढताना भिंतीजवळ त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायचं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पहिले वीस फोटो त्यामुळं फुकट गेले.

अर्ज मेच्या शेवटी दिला. पोलिसांचा अहवाल मागवला, स्थळपाहणी झाली आणि पहिली तारीख लागली आषाढात. तोवर पाऊस सुरू, हंगाम संपलेला, यंत्रावर ताडपत्री. मी आणि कांडपवाला मिरजेला एकाच वडापमधनं गेलो. दोघांनाही दुसरी गाडी मिळाली नाही. वाटेत तो पाण्याची पातळी विचारत होता, मी सांगत होते.

सुनावणीत त्याच्या वकिलानं मुद्दा काढला की आज तिथं काही त्रासच नाही. तेव्हा साहेबांनी पिठाच्या गिरणीचा परवाना कांडपवाल्यापुढं सरकवला आणि विचारलं, "मिरची दळण्याचा कुठाय?" तो गप्प. तिसऱ्या तारखेला त्यानं चारही मागण्या मान्य असल्याचं लिहून दिलं आणि योग्य परवान्यासाठी अर्जही केला. भिंतीच्या गिलाव्याचा खर्च मात्र मिळाला नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागेल, असं भाऊ म्हणाला. तो मी लावला नाही. गवंडी बोलावला आणि पैसे दिले.

यंदा फेब्रुवारीत यंत्र खोलीच्या पलीकडच्या टोकाला, कोब्याच्या चौथऱ्यावर बसलंय. पळ्या अजून किंचित किणकिणतात, पण कान देऊन ऐकलं तरच. पाइप छपराच्या वर गेलाय. वारा नदीकडून असला की अजून ठसका लागतो. मार्चमध्ये एकदा रात्री साडेसातपर्यंत मुसळं चालू होती. मी दारात जाऊन नुसती उभी राहिले, तर पोरानं मोटर बंद केली.

आमची मिरची यंदाही तिथंच दिली. "वहिनी, चारच्या आत आणा, सहाला बंद करतोय मी," असं कांडपवाल्यानं जरा मोठ्यानंच सांगितलं, रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं. घरी आल्यावर सासूबाईंनी चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, बोटानं चोळली आणि म्हणाल्या, "गेल्या सालासारखी बारीक नाही झाली."