मेथीने कर्ज फिटत नाही

"गच्चीवर भाजी लावून कर्ज फेडलंत म्हणे तुम्ही! कसं काय जमलं?" शाळेच्या ऑफिसात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर दशक्रियेला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, गेले होते तिथेही मला हे विचारलंय लोकांनी. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पुढे जाताना भलतंच होऊन जातं. मध्यंतरी एकीने सांगितलं, तिच्या जावेने माझी गोष्ट ऐकून पाच हजारांच्या कुंड्या, कोकोपीट आणि बियाणं मागवलं. तेही ज्या क्रेडिट कार्डावर आधीच थकबाकी आहे त्याच कार्डावर. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं सांगते.

पहिली गोष्ट, कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. कार्ड संपलं, वित्त कंपनीचं वैयक्तिक कर्ज संपलं. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, आणि त्याला नवऱ्याच्या मित्राची जामीनदार म्हणून सही आहे. तो हप्ता चुकला तर त्या माणसाच्या दारात नोटीस जाईल, म्हणून बाकी काहीही थांबलं तरी तो थांबत नाही. दुसरी गोष्ट, जे फिटलं ते भाजीने नाही. नवऱ्याने नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत केलेल्या ओव्हरटाइमने फिटलं, माझ्या संध्याकाळच्या शिकवण्यांनी फिटलं आणि सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्यांनी फिटलं. हे तिन्ही बाजूला राहतं आणि लोकांच्या लक्षात फक्त मेथी राहते, याचा मला राग येतो.

कर्ज कशाने झालं ते पुन्हा उगाळत नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरातलं माणूस ऑक्सिजनवर होतं त्यांना सांगायची गरज नाही. सासरे गेले आणि बिल राहिलं.

आता भाजीचा हिशेब. चार माणसांच्या घराला आठवड्याला साडेतीनशे-चारशेची भाजी लागायची. पावसाळ्यात आणि थंडीत गच्ची चांगली चालली तर त्यातले निम्मे वाचायचे, म्हणजे महिन्याला सातशे-आठशे रुपये. एप्रिल-मेमध्ये सिडकोतल्या आमच्या घराचा स्लॅब असा तापतो की पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हा शेवगा आणि कढीपत्ता तेवढा तग धरतो. आणि सगळे हप्ते मिळून महिन्याचा आकडा होता २३ हजार. सातशे रुपयांनी २३ हजारांचं काय होणार?

त्यातून आम्ही नाशिकचे. इथली पालेभाजी रोज ट्रक भरभरून मुंबईला जाते. आवक वाढली की पंचवटीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी इतकी स्वस्त होते की शेतकऱ्याचं गाडीभाडंही सुटत नाही. अशा गावात कोथिंबीर लावून पैसे वाचवते म्हणणं मला शेतकऱ्यासमोर बोलायलाही जड जातं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा माझ्या चार झाडांचं केवढं कौतुक झालं! लोक फोटो काढून घेऊन गेले. दोन महिन्यांत भाव पार कोसळले, ते मात्र कुणी विचारायला आलं नाही. खरोखर पैसे वाचवायचेत तर जे एकदा लावलं की पुन्हा पुन्हा देतं ते लावा: अळू, मायाळू, गिलके, मिरची, शेवगा, कढीपत्ता. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी अळूला पुरतं. कोथिंबीर बाजारातून आणा.

आणि सामान विकत घेऊ नका. द्राक्षाचा हंगाम संपला की मोडके जाळीचे क्रेट बागायतदाराकडे पडून असतात, रंगाच्या रिकाम्या बादल्या पेंटर देतात. क्रेटला आतून सिमेंटची गोणी लावायची, तीन हिस्से पालापाचोळा आणि उसाचं चिपाड, एक हिस्सा माती. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटांतून हेच तर शिकवलं, की माती विकत आणायची नसते, पाल्यातून करायची असते. स्लॅबवर वजनही कमी येतं. वालावर माव्याची कीड पडली की राख, दोडक्यावर भुरीचा पांढरा रोग आला की आंबट ताक पाण्यात मिसळून. यात माझं स्वतःचं थोडंच आहे, बरंचसं सासूबाईंचं. त्या निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आहेत.

आता पाटल्यांचं सांगते. आजवर हे कुणाला नीट सांगितलेलं नाही.

२०२२ ची दिवाळी जवळ आली होती. कार्डाची थकबाकी पावणेदोन लाखांच्या घरात. महिन्याला ३.५ टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दर महिन्याला सव्वासात हजार रुपये नुसते वाहून जायचे. किमान रक्कम म्हणून पावणेनऊ हजार भरले तरी मुद्दलातून कमी व्हायचे जेमतेम दीड हजार. इकडे वित्त कंपनीचा हप्ता मागे पडला, तर वसुलीवाल्यांचे फोन सकाळी पावणेसातला सुरू व्हायचे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने त्याच ऑगस्टमध्ये बजावलं होतं. मला ते माहीत होतं, मी त्यांना तसं ऐकवलंही. मग त्यांनी नणंदेला फोन केला. तिच्या सासरी, स्पीकरवर.

लोक म्हणतात, सासूबाईंनी आपणहून पाटल्या काढून दिल्या. तसं झालं नाही. मी मागितल्या.

रात्री त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी वही घेऊन शेजारी बसले आणि आकडे वाचून दाखवले. त्यांचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझ्या वडलांनी एका साली कांद्याला भाव आला तेव्हा केल्यात या." मला वाटलं, आता नाही म्हणतील. खरं सांगते, त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता जायचं?"

सराफ बाजारात दुकानदाराने बसायला स्टूल दिला. पाटल्या निघेनात. चाळीसेक वर्षांत मनगट भरलेलं, हाडाशी सूज. साबणाचं पाणी लावलं, तेल लावलं. एक पाटली अंगठ्याच्या सांध्यापाशी येऊन अडकली आणि त्यांनी "आई गं" केलं. मी म्हटलं, राहू दे, जाऊ आपण घरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारागिराला म्हणाल्या, "काप बाबा." त्याने कातडीला लागू नये म्हणून खाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि बारीक कातरीने कापायला लागला. त्यांचा हात मी धरला होता. एक कापून झाली, मग दुसरी. वजन केलं, मशीनवर कस पाहिला, डाग आणि घट वजा केली. चार तोळ्यांचे पावणेदोन लाखांच्या आसपास आले. पैसे मोजून होईपर्यंत त्या समोरच्या काचेतल्या बुगड्या बघत होत्या. रिक्षा करूया म्हटलं तर रविवार कारंजावरून बसनेच जायचं म्हणाल्या, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी कार्डाची सगळी रक्कम भरली आणि कार्ड कापून टाकलं. घरात कुणी काही बोललं नाही. नवरा उशिरा आला, आईच्या हाताकडे बघितलं आणि न जेवता वर गच्चीत जाऊन बसला.

यावर मला दोन बाजूंनी ऐकावं लागतं. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून जास्तच. "ठेवल्या असत्या तर आज चार लाखांच्या वर गेल्या असत्या." हो, गेल्या असत्या. पण कार्डाच्या त्याच पावणेदोन लाखांवर तीन वर्षं ३.५ टक्क्यांनी चक्रवाढ धरा, जीएसटी सोडून द्या, तरी आकडा सहा लाखांवर जातो. सोनं वाढलं हे दिसतं. कार्डाचं व्याज त्याहून वेगाने वाढतं, ते दिसत नाही.

दुसरी बाजू मात्र मला गप्प करते, आणि ती बाजू मीच स्वतःशी मांडते. मोडायच्या कशाला, तारण ठेवायच्या होत्या. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्के धरले तरी एक लाख तीस हजारांच्या आसपास मिळाले असते. १२ टक्क्यांनी वर्षाला पंधरा-सोळा हजार व्याज. कार्डाच्या मानाने काहीच नाही. पाटल्या आज घरात असत्या. त्या वेळची मी यावर म्हणते, "हप्ते आधीच चुकत होते. सोन्याचं व्याज थकलं असतं तर लिलावाची नोटीस आली असती, गल्लीत एकीची आलेली मी पाहिली होती. मला महिन्यात आणखी एक तारीख नको होती." आजची मी म्हणते, पण आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे दोन्ही मार्ग सांगून विचारायला काय हरकत होती? त्यावर तेव्हाची म्हणते, विचारलं असतं तर त्यांनी मोडाच म्हटलं असतं. असं कुठवर चालतं सांगू? अजून चालू आहे.

काटकसरीबद्दलही लोक फार गोड बोलतात, म्हणून तेही सांगते. नवरा सायकलने कंपनीत गेला, रविवारची मिसळ बंद झाली, याचं काही वाटलं नाही. मुलीला नववीत सहलीला पाठवलं नाही, त्याचं वाटलं. तिला आठवड्यात तीनदा गिलके वाढलं. आज ती गिलक्याला हात लावत नाही, आणि तिचा राग रास्त आहे. आम्ही लग्नांना जाणं सोडलं, कारण आहेर परवडत नव्हता. ते सगळ्यात वाईट होतं. कर्जातल्या माणसाला फक्त घेणं उरतं. कुणाकडून उसने, कुणाकडून जुनी पुस्तकं, कुणाकडून सल्ला. कुणाच्या हातावर काही ठेवावं असं घरात काही राहत नाही.

गच्ची मला यासाठी हवी होती. पाटल्या मोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे घेऊन वर गेल्या आणि माझ्या रिकाम्या क्रेटमध्ये पेरून आल्या. तोवर त्या कधी वर फिरकल्या नव्हत्या. महिन्याभरात मेथी काढायला आली. त्यांनी अर्धी घरात ठेवली आणि अर्धी शेजारी दिली. मी म्हटलं, अहो आई, आपल्यालाच पुरत नाही. त्या म्हणाल्या, "देऊ दे ना गं." मग मी अडवलं नाही. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून मिरचीची रोपं दिली, आईंच्या हातून. काही जणींनी त्यावरून नाक मुरडलं. एकीने रोप घेतलंच नाही. बाकीच्यांनी नेलं, आणि कितीतरी जणी मिरच्या लागल्यावर दाखवायला घेऊन आल्या. त्या वर्षात आमच्या घरी वसुलीच्या कामाशिवाय लोक येत होते ते या गच्चीमुळे.

पैशात याची किंमत मला काढता येत नाही. म्हणूनच गच्चीने कर्ज फेडलं असं कुणी म्हटलं की मी ताडकन नाही म्हणते, आणि मग गच्ची सोडा म्हटलं तरी नाहीच म्हणते. दोन्ही खरं आहे. तुमच्यापैकी जी आज माझ्याकडे बी मागायला येणार आहे तिने येताना कार्डाचं स्टेटमेंटही आणावं. आधी व्याजाचा दर बघू, कुठलं कर्ज सगळ्यात महाग आहे ते काढू, ते संपवायला घरात काय विकता येईल, किती जास्त कमावता येईल ते बोलू. बी तर मी देणारच आहे, वालाचं आणि चुक्याचं भरपूर आहे.

आणि पाटल्या परत कधी करणार, असंही विचारता. शिकवण्यांचे थोडे पैसे बाजूला पडलेत. मी म्हणते आईंच्या हयातीत एक तरी करू, दोन तोळ्यांची. आई म्हणतात आधी पतसंस्था संपवा, त्या बिचाऱ्या जामीनदाराची सही मोकळी करा. नवरा आईच्या बाजूने आहे. मला पटत नाही. सोनं पुढेच पळत आलंय आणि आई ७६ वर्षांच्या आहेत.