मापट्याचा स्तूप

वैशाखातल्या एका दुपारी बुद्धमूर्तीपुढचा कालचा मोगरा उचलला आणि तो केरात टाकण्याऐवजी सवयीने एका जाड पुस्तकात ठेवला. लहानपणी संध्याकाळच्या वंदनेत आम्ही भावंडे 'पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं' हे एका सुरात म्हणत असू आणि पौर्णिमा असली की सारे लक्ष खिरीच्या पातेल्याकडे असे. फूल कोमेजते तसाच हा देहही जाणार, हे फूल वाहता वाहताच म्हणून टाकायचे!

आजीला या ओळीचा अर्थ पुरता ठाऊक होता. शिळी फुले ती निर्विकारपणे परसातल्या पेरूच्या मुळाशी टाकीत असे, आणि आजोबा गेले त्या दिवशी 'अनिच्चा वत संखारा' (सारे घडलेले अनित्यच आहे) ही गाथा तिने भन्तेजींच्या मागोमाग स्वच्छ उच्चारात म्हटली होती. मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना नेसलेले पांढरे लुगडे तिने ट्रंकेच्या तळाशी डांबरगोळ्या घालून जपले होते आणि घड्यांवर पिवळ्या रेषा उमटल्या तरी त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

अनित्यता मानणाऱ्याने आठवणींची साठवण करू नये, असे म्हणणाऱ्या मंडळींविषयी मला थोडा संशय आहे. बुद्धांचे शेवटचे दिवस सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात, कुसिनारा गावी बुद्धांचा अंतकाळ जवळ आला असता त्यांचा शिष्य आनंद हा विहारात शिरून चौकटीला टेकून रडतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात, जे जे प्रिय त्याचा वियोग ठरलेलाच असे मी पूर्वीच सांगितले नव्हते का, असे विचारतात, आणि लगेच त्याने प्रेमाने केलेल्या दीर्घ सेवेची प्रशंसाही करतात. ही प्रशंसा मला त्या उपदेशाइतकीच महत्त्वाची वाटते.

त्याच सुत्तात पुढे बुद्धांच्या अस्थींवरून राजे आणि गणराज्ये हातघाईवर येतात, तेव्हा द्रोण ब्राह्मण समजूत घालून त्यांचे आठ समान वाटे करतो आणि स्वतःसाठी फक्त ज्या भांड्याने वाटणी केली ते भांडे मागून घेतो. पिप्फलिवनाचे मोरिय कुळाचे लोक उशिरा पोहोचतात आणि चितेतले निखारे घेऊन परततात. अस्थींवर आठ, भांड्यावर नववा आणि निखाऱ्यांवर दहावा, असे स्तूप उभे राहतात. वाटणीच्या भांड्याचाही स्तूप व्हावा, यात मला काहीच विपरीत वाटत नाही, कारण आमच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा काका मंडळी हंडे, घंगाळी आणि शेताचे बांध मोजत असताना आत्याने फक्त धान्य मोजायचे पितळी मापटे मागितले होते. ते कशाला, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आईचा हात लागलाय त्याला."

आत्याच्या स्वयंपाकघरात ते अजून चकचकीत घासलेले असते. सुना मात्र तांदूळ कुकरबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या कपाने मोजतात, आणि आत्याही त्यांना काही म्हणत नाही.